बाहीतून डोकावलेलं अस्तर

"पडली नाही, कुणी मारलं नाही, कुठं काही खुपलं नाही. मग रक्त आलं कुठून?"

डॉ. अन्वय गुळवणी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता. प्रश्न त्यानं बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारला होता.

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला ठावं असतं तर मीच सांगितलं नसतं का, डाक्टर?"

"मुलगी दिवसभर कुणाजवळ असते?"

"माझ्याजवळ."

"आणखी कुणाजवळ?"

"कुणाजवळ न्हाई. हिची आई काजूच्या कारखान्यात जाती. बा गोव्याला असतो. बालवाडी सुटली की ती आन मी."

"मग?"

एवढाच शब्द. पण तो बाकावरच्या चौघांनी ऐकला. केळीवाली ऐकत होती, पायाला पट्टी बांधलेला ट्रॅक्टरवाला ऐकत होता, दोघी सासूसुना ऐकत होत्या. आणि दारात उभी असलेली मुलीची आई, उज्ज्वला, हिनंही ऐकला.

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. लगेच नजर काढून घेतली. मग मुलीला हळूच आपल्या बाजूला ओढलं.

म्हाताऱ्याला ते ओढणं दिसलं. धोंडीराम हावळ त्याचं नाव. आजऱ्याच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस, सगळे त्याला मास्तर म्हणत. नात पाच वर्षांची, कस्तुरी. तिच्यासाठी त्यानं सायकलच्या दांडीवर गादीची छोटी बैठक बसवली होती. रोज सकाळी शाळेत, दुपारी घरी. बायको गेल्यापासून त्याचा दिवस त्या दोन फेऱ्यांवर उभा होता.

त्यानं खिशातून सायकलची किल्ली काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"तूच न्हे आता तिला."

किल्ली तिच्या मुठीत राहिली.

अन्वय आत आला. आपण जरा कठोर बोललो असं त्याला वाटलं. पण कर्तव्य असंच असतं, असंही वाटलं. तीन दिवस मुलीच्या चड्डीवर रक्ताचे डाग. त्यानं आईच्या आणि सिस्टर फिलोमिनाच्या समोर तपासलं होतं. मुलगी हातपाय झाडत होती. तरी लाल सूज आणि रक्त त्याला स्पष्ट दिसलं होतं. अर्धं मिनिट पुरलं. तो लहान मुलांचा डॉक्टर, तोही सुवर्णपदकवाला. अर्ध्या मिनिटाहून जास्त त्याला सहसा लागत नसे.

त्यानं केसपेपर पुढं ओढला आणि सगळ्यात खालचा चौकोन आधी भरला.

*इजा.*

*

या केसपेपरवर त्याचा राग होता.

दवाखाना आठ खाटांचा. तो चालवणाऱ्या डॉ. सकिना शिकलगार एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि सगळा तालुका त्यांना आपा म्हणे. अन्वयच्या प्राध्यापकांनी त्याला मोठ्या हॉस्पिटलात रुजू होण्याआधी सहा महिने इथं राहायला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. दोन महिने झाले होते आणि अजून त्याला ते कळलं नव्हतं.

आपांनी केसपेपर स्वतः आखून छापून घेतला होता. वर मोठी जागा: *काय दिसलं.* त्याखाली तेवढीच: *काय ऐकलं.* मग: *काय केलं.* आणि अगदी तळाला, पोस्टाच्या तिकिटाएवढा एक चौकोन: *आजाराचं नाव.*

"आपा, सगळ्या जगात निदान वर लिहितात," त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "आपल्याकडे तळाला का?"

आपा पेरू कापत होत्या.

"मीठ देऊ?" त्या म्हणाल्या.

तेवढंच उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून अन्वय आधी तळाचा चौकोन भरत असे, मग वेळ मिळाला तर वरचं.

*

आपा वॉर्डातून आल्या तेव्हा साडेदहा वाजले होते. त्यांनी बाकाकडे पाहिलं. बाकावरचे सगळे एकदम गप्प झालेले होते, आणि मास्तर बाकाच्या टोकाला, सगळ्यांपासून हातभर लांब बसला होता.

त्या आत आल्या. टेबलावरचा कागद उचलला.

"तळमजला बांधून झालाय," त्या म्हणाल्या. "वरचं घर कुठंय?"

"आपा, वेळ घालवण्यासारखी केस नाही ही. कोल्हापूरला पाठवायला हवी. पत्र लिहितोय. आणि… पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवावं लागलं तर मी स्वतः कळवीन. पण पत्रात लिहिशील काय?"

"लाल सूज. रक्तस्राव."

"आकार? सूज कशावर आहे? रक्त कशातून येतंय? सुजेतून, की सुजेच्या मागून?"

"मुलगी हलत होती, आपा."

"हलणारच. पाच वर्षांची आहे." त्यांनी चष्मा पदरानं पुसला. "शंका आली, तू विचारलंस. चांगलं केलंस. शंका गिळून टाकणारा डॉक्टर मला इथं नकोच. पण विचारलंस कुठं?"

"व्हरांड्यात."

"बाकावर किती जण होते?"

"चार… पाच."

"हं," आपा म्हणाल्या, आणि चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून शेकत बसल्या. प्यायल्या मात्र नाहीत.

*

कस्तुरी आत आली ती हात मागं बांधून.

"मी दाखवणार नाही," तिनं आधीच जाहीर केलं.

"मी बघणारच नाहीये," आपा म्हणाल्या. "मला गप्पा मारायला कुणी नाही म्हणून बोलावलं."

सिस्टर फिलोमिना खुर्ची घेऊन शेजारी बसली. आईला आपांनी बाहेर थांबवलं होतं. अन्वयला पडद्याबाहेर, कागद आणि पेन घेऊन.

"तुला कोण कोण आवडतं?"

"आबा. आई. आणि हत्ती."

"हत्ती कुठला?"

"जंगलातला. तो उसात येतो. मी नाही बघितला पण आबांनी बघितला. त्याचा पाय आमच्या मशीनएवढा आहे."

"आणि कोण आवडत नाही?"

कस्तुरीनं बोटं मोजली. "बाई. त्या सारखं अ काढायला लावतात. रेहान. तो माझी शिट्टी घेतो. आणि पाल. शाळेच्या संडासात आहे ती."

"कस्तुरी, कुणी तुला दुखवलंय का? खरं सांग हं. सांगितलं तर कुणी रागवत नाही."

मुलगी विचारात पडली. पडद्याबाहेर अन्वयचं पेन थांबलं.

"हो," ती म्हणाली.

"कुणी?"

"त्या काकांनी." तिनं पडद्याकडं बोट दाखवलं. "हात बर्फासारखे गार आहेत त्यांचे."

सिस्टर फिलोमिनाला खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

आपांनी आणखी पाच-सहा गोष्टी विचारल्या. अंघोळ कोण घालतं, झोपायला कुणाजवळ, कुणी गुपित ठेवायला सांगितलंय का. सगळं पेरूला मीठ विचारावं तशा आवाजात. मुलीनं सगळ्याची उत्तरं दिली आणि मध्ये मध्ये हत्ती आणला.

"लिही," आपा पडद्याकडं वळून म्हणाल्या. "दुसरी ओळ. जसं ऐकलंस तसं. गार हातसुद्धा."

*

मग त्या बाहेर गेल्या आणि बाकावर मास्तरच्या शेजारी, मधल्या हातभर जागेत बसल्या.

"मास्तर, कोट छान आहे."

नोव्हेंबरची थंडी होती. मास्तरच्या अंगात त्यानं स्वतःच शिवलेला करडा कोट होता, कोपरांवर झिजलेला.

"एक सांगा. पोरीला शी रोज होते?"

मास्तरनं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा त्याला ज्याचं उत्तर येतं असा प्रश्न कुणीतरी विचारला होता.

"कुठली रोज, आपा! चार चार दिस जात न्हाई. शाळंत पाल हाय म्हणती. घरात बसली की तासभर. लालबुंद हुती कुथून कुथून. मी भायेर दाराला टेकून गोष्ट सांगतो. हत्ती आजऱ्यास्नं निघतो, आंबोली गाठतो, घाट उतरून सावंतवाडीला जातो, तरी हिचं आपलं न्हाईच!"

केळीवाली फिसकन हसली. मास्तरच्याही ओठाचा कोपरा हलला आणि परत जागेवर गेला.

"कधीपासून?"

"दिवाळीआदी दोन आठवडं. नुस्ती बिस्किटं खाती. पाणी प्यायला नको."

"जळजळ होते म्हणते का, शू करताना?"

"जराशी. पण दुखतं असं न्हाई म्हणत. रक्त बघून आमीच भ्यालो. ती तर खेळतीया."

आपांनी मागं पाहिलं. अन्वय दारात उभा होता.

"ऐकलंस?"

"हो."

"हे तुला कुणी सांगितलं असतं?"

अन्वय परत आत गेला आणि लिहू लागला. दुसऱ्या ओळीची जागा पहिल्यांदाच त्याला कमी पडली.

*

"आता काय करायचं, आपा?"

"सरबत."

"काय?"

"कोकमाचं. साखर जरा जास्त घाल, पोरीला आवडेल. आणि मग थांबायचं."

"कशासाठी?"

"शू येईपर्यंत."

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला ग्लास दिला. कस्तुरीनं तो दोन दमांत संपवला आणि मिशी पुसली.

"आली?"

"नाही."

साडेअकराला दुसरा ग्लास. अन्वय मनगटावरचं घड्याळ पाहत होता. सुवर्णपदक, दोन परीक्षा, चार वर्षांची निवासी नोकरी, आणि आता तो एका पाच वर्षांच्या मुलीला शू कधी येते याची वाट पाहत उभा होता.

"तूही पी एक ग्लास," आपा म्हणाल्या.

"मला तहान नाही."

"बरं."

अकरा पन्नास.

"आली?"

"नाही आली, सारखं काय विचारता!"

आता हा साऱ्या व्हरांड्याचा प्रश्न झाला होता. केळीवालीनं सुचवलं, नळ सोडा. सिस्टरनं नळ सोडला. ट्रॅक्टरवाल्यानं तोंडानं बारीक शीळ घातली, त्याच्या धाकट्याला म्हणे तेवढ्यानं व्हायची. सासूसुनांपैकी सासू म्हणाली की पोरीला थंड फरशीवर उभी करा. सून म्हणाली, तुमचं आपलं काहीतरीच. कस्तुरी सगळ्यांकडं मजेत बघत होती. इतकं महत्त्व तिला तिच्या वाढदिवसालाही मिळालं नव्हतं.

बारा वाजून सात मिनिटांनी ती एका पायावर उभी राहिली.

सगळा बाक उठला.

*

"उज्ज्वला, तू ये," आपा म्हणाल्या. "भांडं ठेवलंय. तू पोरीच्या समोर बस. मी तुझ्या मागं नुसती उभी राहते. अन्वय, तू पडद्याबाहेर. तू लिही."

"पण आपा, बघायला मी नको का? ती… त्या तर…"

"त्यांना शिकवलं नाही कुणी. म्हणून त्याच बघतील." आपा उज्ज्वलाकडं वळल्या. "हे बघ, काय झालंय ते ठरवायचं नाही. चांगलं, वाईट काही म्हणायचं नाही. डोळ्याला दिसेल तेवढं सांगायचं. भाजी निवडताना बघतेस तसं बघ."

पडदा ओढला गेला.

उज्ज्वलाचा आवाज आला, आधी थरथरता.

"लाल हाय. जांभळट लाल."

"आकार?"

"गोल… कडं हाय, आपा. कोटाच्या बटणासारखं. चहूबाजूनं सारखं."

"मध्ये?"

"मधी बारीक भोक दिसतंय. … अगं बाई!"

"काय?"

"धार त्या भोकातनंच येतीया! बरोब्बर मधनं! कड्याच्या आतनं!"

"खाली बघ. मागची जागा?"

"ती निराळी हाय. नीट हाय. तिथं काय न्हाई, रक्त न्हाई. … रक्त कड्यालाच लागलंय, काठाला. घासल्यासारखं."

पडद्याबाहेर अन्वय लिहीत होता. बटण. मध्ये भोक. धार मधून. मागची जागा वेगळी, नीट.

आणि लिहिता लिहिता त्याचा हात थांबला.

जाड पुस्तकाचा दुसरा खंड, उजव्या पानावर वरच्या कोपऱ्यात चित्र. तोंडी परीक्षेत त्याला हाच प्रश्न आला होता. त्यानं न अडखळता उत्तर दिलं होतं, कारणं, लक्षणं, उपचार. परीक्षकांनी मान डोलावली होती. लहान मुलीत हे पाहून लोक इजा समजतात, हे वाक्यसुद्धा त्यानंच म्हटलं होतं.

"आपा…" त्याचा आवाज चिरका निघाला. "आपा, हे तर…"

"पहिली ओळ पुरी झाली?" पडद्याआडून आपा म्हणाल्या.

"झाली."

"मग आता तळमजला."

त्यानं चौकोनातला शब्द खोडला. जागा इतकी लहान होती की नवं नाव समासात लिहावं लागलं: *युरेथ्रल प्रोलॅप्स.*

*

"म्हणजे काय झालंय हो?" उज्ज्वलानं विचारलं. ती आणि मास्तर आता आपांच्या टेबलासमोर बसले होते. कस्तुरी तिसरा ग्लास मागत होती.

आपांनी अन्वयकडं हात केला. त्यानं घसा साफ केला.

"मूत्रनलिकेच्या बाह्य मुखातून तिच्या आतल्या श्लेष्मल पटलाचा पूर्ण परिघाने भ्रंश झालेला आहे. त्यामुळे…"

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाचंल न्हवं?"

अन्वय थांबला. त्यानं आपांकडं पाहिलं.

आपांनी टेबलावरून हात पुढं केला, मास्तरचं मनगट धरलं, आणि त्याच्या कोटाच्या बाहीत दोन बोटं घालून आतलं अस्तर हलकेच बाहेर ओढलं. करड्या बाहीच्या तोंडाशी तांबड्या साटिनचं एक गोल कडं उमललं.

मास्तर त्या कड्याकडं पाहत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. त्यात तीन दिवसांची भीती होती आणि सकाळपासूनचं दुसरं काहीतरी होतं, ते दोन्ही एकदम निघून गेलं.

"अस्तर भायेर आलंय!"

"तेवढंच," आपा म्हणाल्या.

"शू यायच्या वाटंचं अस्तर?"

"हो. लहान पोरींचं ते नाजूक असतं, सैल असतं. आता तुम्हीच सांगा मास्तर, गिऱ्हाईक असा कोट घेऊन आलं तर काय करता? कापता?"

"छे, छे! कापून कसं चालंल! अस्तर वढ बसून भायेर येतं. आदी वढ कशाची ती बघायची. कुणी खिशात वजन घालतं, कुणी हात जोरात घुसवतं. ती थांबवली, जरा वाफ दिली की अस्तर आपल्या जागी जातं. लई हट्टी असलं तर मग एखादा टाका."

आपांनी हात मागं घेतला आणि खुर्चीला टेकल्या.

"अन्वय, आता तू सांग. मास्तरांनी सांगितलं तसं."

अन्वय मास्तरच्या बाहीकडं पाहत होता. या वेळी तो हळू बोलला.

"ओढ म्हणजे कुंथणं. ते आधी थांबवायचं. पोट साफ होईल असं पातळ औषध देतो, रोज रात्री. पाणी भरपूर. पपई, पालेभाजी. बिस्किटं बंद."

"बंद?" कस्तुरी म्हणाली.

"…एक चालेल. संडासात बसताना पायाखाली पाट द्यायचा, म्हणजे जोर लावावा लागत नाही. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, टबात कोमट पाण्यात बसवायचं. मग अलगद टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. हे मलम आहे, मुगाच्या डाळीएवढं, आईनंच बोटानं त्या कड्याला लावायचं, मी सांगतो तितकेच दिवस. लघवी तपासायला देऊ. आणि तीन आठवड्यांनी दाखवायला यायचं."

"आन न्हाई गेलं तर?"

"तर कोल्हापूरला सर्जनकडं. छोटं ऑपरेशन असतं, मुली बऱ्या होतात. पण ते कडं काळंनिळं पडलं, किंवा शू अडली, तर तीन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी यायचं."

उज्ज्वलानं मान हलवली. सगळं कळल्याची ती मान होती.

मास्तर उठला, परत बसला. टोपी फिरवत राहिला.

"आपा… सायकलचं?"

"काय सायकलचं?"

"तिला न्हेऊ का नको?"

आपा अन्वयकडं पाहू लागल्या. नुसत्या पाहत राहिल्या.

"न्या," अन्वय म्हणाला.

"बाकापर्यंत ऐकू गेलं नाही," आपा म्हणाल्या. "सकाळचं गेलं होतं."

अन्वयच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठून दाराशी गेला. बाकावरचे सगळे आपापला नंबर विसरून तिथंच बसले होते.

"कस्तुरीला कुणीही काहीही केलेलं नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "हा आजार आहे. बरा होतो. मास्तरांनी सांगितलं म्हणून त्याचं कारण कळलं. सकाळी मी… सकाळी चूक माझी झाली."

केळीवाली म्हणाली, "एवढंच व्हय? मग आमचा नंबर कवा?"

आत उज्ज्वलानं मूठ उघडली. किल्ली घामानं ओली झाली होती. तिनं ती पदरानं पुसली आणि सासऱ्याच्या पुढं धरली.

"मामंजी… मी पण…"

"ऱ्हाऊ दे गं," मास्तर म्हणाला. "तू आई हाईस तिची."

*

तीन आठवडे आणि एक दिवस झाल्यावर सायकलची घंटी दवाखान्याच्या फाटकातून आत आली. दांडीवरच्या गादीला नवं, जाड कापड लागलं होतं. उज्ज्वला मागं कॅरिअरवर होती.

अन्वयनं आधी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. मग आईच्या मांडीवर बसलेल्या कस्तुरीला विचारलं, बघू का?

तिनं त्याच्या हाताला बोट लावून पाहिलं.

"बघा," ती म्हणाली.

कडं उरलं नव्हतं. डाग नव्हते. लघवीची तपासणी स्वच्छ आली होती. त्यानं पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. तळाच्या चौकोनाला हात लावला नाही.

"हत्ती आता कुठवर जातो?" त्यानं विचारलं.

"आंबोली लांबच, वाटेतल्या गवशापर्यंत पण पोचत नाही," कस्तुरी म्हणाली. "त्याच्या आधीच होते."

सिस्टरनं न सांगता कोकमाचं सरबत आणलं. दोन ग्लास होते. अन्वयनं दुसरा स्वतःच उचलला.

निघताना मास्तर दारात घुटमळला. कोटाच्या खिशातून त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"पोरीनं करायला लावलं," तो ओशाळून म्हणाला. "तिनंच माप सांगितलं, अंदाजे."

कागदात हातमोज्यांची एक जोडी होती. करड्या लोकरीच्या कापडाची. बोटांच्या जागी बोटं नीट नव्हती, अंगठा जरा मोठा होता. आत तांबडं साटिन होतं.

"तपासायच्या आदी घालून बसत जावा घटकाभर," मास्तर म्हणाला. "थंडीचं दिस हाईत. बाकीची पोरं पण वरडत असतील."

अन्वयनं एक मोजा हातात घातला. मोजा घट्ट बसला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, त्या सकाळच्या व्हरांड्याविषयी, त्या एका शब्दाविषयी.

मास्तरनं त्याचा मोज्यातला हात आपल्या दोन्ही हातांत धरून एकदा दाबला. शिवणीवरून अंगठा फिरवून बघितला, नीट बसलीये का. मग घंटी वाजवत तिघं फाटकाबाहेर गेले.

अन्वय पाठमोरा उभा राहिला. मग त्यानं मोज्यातला हात डोळ्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा.

सिस्टर फिलोमिना ट्रे घेऊन येत होती, ती थबकली.

"अगं बाई, डॉक्टर! काय झालं? आपा, बघा ना यांना काय झालं ते!"

आपांनी पेरूची फोड मिठात बुडवली.

"काही नाही, सिस्टर. अस्तर बाहेर आलंय. कोमट पाणी द्या, जाईल आत."